मुखड्याकडे न फिरलेलं गाणं

१९४० च्या जानेवारीत हार्लेमला उतरायचं तर खिशात पाच-पाच सेंटांची नाणी ठेवा. नोट काढलीत तर बारवाला कपाळाला आठ्या घालेल, आणि तुम्हाला तर कोपऱ्यातल्या ज्यूकबॉक्सकडेच जायचं आहे. बाहेर रस्त्याच्या कडेला बर्फाचा काळपट चिखल झालाय. आत सिगरेटचा धूर, ओल्या ओव्हरकोटांचा वास, दिवसभराच्या कामावरून आलेली माणसं. नाणं टाका. यादीत ‘बॉडी अँड सोल’ सापडेल. त्यापुढे नाव आहे कोलमन हॉकिन्स आणि त्याच्या वाद्यवृंदाचं.

पियानोचे चार बार, म्हणजे तालाचे चार खंड, वाजतात आणि टेनर सॅक्सोफोन सुरू होतो. पहिल्या काही सुरांत तुम्ही मनाशी म्हणता, हो, हेच ते, ओळखीचं. पण ओळख पटते न पटते तोच चाल हातातून निसटते. वाजवणारा भलतीकडेच निघालाय. घाई नाही, गोंधळ नाही, तरी एकही वळण ठरलेल्या रस्त्याचं नाही. कुणीतरी गायला लागेल म्हणून तुम्ही वाट बघता. कुणीच गात नाही. तीन मिनिटं संपतात, सुई उचलली जाते.

शेजारचा माणूस ग्लास खाली ठेवतो आणि शीळ घालू लागतो. नीट ऐका. तो गाण्याची चाल वाजवत नाहीये. सॅक्सोफोननं जे काही वाजवलं तेच तो सुरासुरानं वाजवतोय, आडवळणांसकट, आणि शेवटच्या चढापर्यंत कुठं अडखळत नाही. एका माणसानं स्टुडिओत उभ्या उभ्या सुचलेलं वाजवलं आणि तीन-चार महिन्यांत ते अख्ख्या वस्तीला पाठ झालं. मूळ गाणं मात्र एका बाईच्या तोंडी घातलेलं, जीव जाळून घेणारं प्रेमगीत होतं. ते शब्द गेले कुठे?

दहा वर्षं मागे चला.

मॅनहॅटनमध्ये १९२९ संपत आलंय. ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, आणि जॉनी ग्रीन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाला त्याचं फारसं दुःख नाही. हार्वर्डला अर्थशास्त्र शिकलेला हा पोरगा वडिलांच्या आग्रहाखातर काही काळ वॉल स्ट्रीटवर एका दलालाकडे नोकरी करून आलाय आणि आता पियानोवर बसलाय. गर्ट्रूड लॉरेन्स ही लंडनची मोठी नटी, तिच्या साथीला तो वाजवतो. तिला रंगमंचावर म्हणायला नवी गाणी हवी आहेत. ग्रीन चाली बांधतो, शब्द एडवर्ड हेमन आणि रॉबर्ट सॉवर लिहितात, फ्रँक आयटन या इंग्रज गीतकाराचंही नाव त्यात येतं. अशा काही गाण्यांपैकी एक हे.

ग्रीनच्या मागे उभे राहून त्याच्या हातांकडे बघा. गाणं बत्तीस बारांचं आहे. आठ बारांचा पहिला तुकडा, तोच पुन्हा, मग आठ बारांचा वेगळा मधला भाग, आणि शेवटी पहिला तुकडा परत. अमेरिकेतली त्या काळची शेकडो गाणी याच साच्यातली. पण या पोरानं साच्याच्या आत खोड्या करून ठेवल्यात. पहिली गोष्ट म्हणजे गाणं घरून निघतच नाही. सुरुवातीचा मेळ, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा कॉर्ड, षड्जाचा नाही, शेजारच्या स्वरावरचा आहे, तोही उदास. आपण गाण्यात शिरतो ते दारातून न शिरता खिडकीतून. आणि खरी गंमत मधल्या भागात. पेटीवर बोटं फिरवणाऱ्यांना हे लगेच समजेल. गाण्याचा सा काळी एक धरा, जॅझवाले बहुतेक तिथूनच वाजवतात. दोन तुकडे काळी एकमध्ये झाले की मधल्या भागाला सा उडी मारून पांढरी दोनवर जातो. अर्धाच स्वर वर, पण दूरचा मुलूख. तिथल्या वाटा वेगळ्या. चार बार तिथं घालवले की सा खाली पांढरी एकवर उतरतो. तिथं टेकतोय न टेकतोय तोच तीन पायऱ्या घसरत घसरत गाणं पुन्हा काळी एकच्या उंबऱ्याशी येऊन उभं राहतं. सगळा मधला भाग आठ बारांचा, फार तर वीस-पंचवीस सेकंदांचा.

गाणाऱ्याला ही शिक्षा आहे. आपल्याकडे तानपुरा एकदा लागला की मैफिलभर सा हलत नाही. इथं आठ बारांत तीन वेळा पायाखालची जमीन सरकते आणि चेहऱ्यावर मात्र प्रेमभंगाशिवाय काही दिसता कामा नये. वादकांना मात्र ही वाट बघितली की हात शिवशिवतात. ग्रीनच्या खोलीत हे कुणाच्या डोक्यातही नाही. त्याला एका नटीसाठी एक गाणं हवं होतं, ते झालंय.

लॉरेन्स ते लंडनला घेऊन जाते. १९३० च्या सुरुवातीच्या महिन्यांत तिथल्या एखाद्या नृत्यगृहात डोकावलात तर जॅक हिल्टनचा वाद्यवृंद ते वाजवताना दिसेल. त्याची रेकॉर्डही निघालीय. पांढरे हातमोजे, चकचकीत बूट, फॉक्सट्रॉट. जोडीदाराच्या खांद्यावरून बघत लोक नाचतायत आणि मधल्या भागात सा कुठल्या कुठे गेला तरी कुणाचं पाऊल चुकत नाही. गाणं इथं नुसतं सुखावह आहे. हिल्टनचं नाव तेवढं लक्षात ठेवा.

आता पुन्हा अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क. तारीख १५ ऑक्टोबर १९३०, रस्ता बेचाळिसावा, थिएटर सेल्विन. ‘थ्रीज अ क्राउड’ नावाच्या नव्या रेव्ह्यूचा पहिला प्रयोग. रेव्ह्यू म्हणजे ना धड नाटक ना धड जलसा. गाणी, नाच, विनोदी प्रवेश एकापाठोपाठ एक. थिएटरबाहेरच्या फुटपाथवर या शरदात एक नवं दृश्य दिसतंय: नोकरी गेलेली, टाय बांधलेली माणसं पाच सेंटांना एक अशी सफरचंदं विकत उभी आहेत. एक घ्या आणि आत चला.

लिबी होल्मन रंगमंचावर येते. सिनसिनाटीची, वयाची पंचविशी ओलांडलेली, आवाज बायकांच्या मानानं खूप खालचा, जाड, धुरकट. आदल्या वर्षी एका रेव्ह्यूत असंच जळतं गाणं गाऊन ती रातोरात नावाजली गेली. अशा गाण्यांना ब्रॉडवेवर टॉर्च साँग म्हणतात: ज्याच्यासाठी मी जळते तो माझ्याकडे बघत नाही, आणि तरी मी विझत नाही. सूत्र एवढंच. इथंही तेच आहे. झोप नाही, चैन नाही, तू दुसरीकडे आणि मी तनामनानं तुझीच. क्लिफ्टन वेब आणि तमारा गेवा तिच्या सुरांवर नाचतात. प्रेक्षागृह स्तब्ध. बाहेर इतक्या लोकांचं इतकं काही गेलंय, आणि आत एक बाई उभी राहून सगळं गमावल्याचं कबूल करतेय, तेही इतक्या ऐटीत. लोकांना ते हवंच होतं.

शब्दांबद्दल खरं सांगायचं तर मला ते कधी फारसे पटलेले नाहीत. काही यमकं ओढूनताणून आणलेली आहेत, मधल्या भागातलं तत्त्वज्ञान तर अगदीच बेतास बात. प्रेमिकेची शरणागती इतकी बिनशर्त की आज ऐकताना थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या काळच्या रेडिओवाल्यांना अवघडलं ते दुसऱ्याच कारणानं: शीर्षकात आत्म्याच्या आधी देह! काही काळ हे गाणं रेडिओवर लावायला ते बिचकत होते. बंदी म्हटलं की माल खपतो, तसंच झालं. पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाची रेकॉर्ड तर आधीच घराघरांत पोचली होती.

लिबी होल्मनचं पुढचं आयुष्य तिच्या गाण्यांपेक्षा अंधारं आहे. १९३२ मध्ये तिचा नवरा, तंबाखूच्या अफाट संपत्तीचा वारस, गोळी लागून मेला. तिच्यावर खुनाचा आरोप झाला आणि मागेही घेतला गेला. वर्तमानपत्रांनी टॉर्च साँग गाणारी बाई आणि आरोपी बाई यांची सरमिसळ करून महिनोन्महिने मजकूर पुरवला. आपल्याला तिकडे जायचं नाही.

जायचंय ते लॉस एंजेलिसला, आणि तेही सेल्विनमधल्या पहिल्या प्रयोगाच्या सहा दिवस अलीकडे, ९ ऑक्टोबर १९३० ला. ब्रॉडवेचा पडदा अजून वर गेलेला नाही आणि लुई आर्मस्ट्राँगनं हे गाणं रेकॉर्ड करून टाकलंय. त्याच्या खरखरीत गळ्यात आणि ट्रम्पेटमध्ये ते पोचलं की शरणागतीचा सूर कमी होतो आणि माणूस जरा हसत हसत रडतोय असं वाटायला लागतं. गाण्यात मोकळी जागा बरीच आहे हे पहिल्यांदा कुणाला दिसलं असेल तर त्याला.

मधली वर्षं भराभर उलटू या. फक्त १३ जुलै १९३५ ला एक मिनिट थांबा. बेनी गुडमन क्लॅरिनेटवर, टेडी विल्सन पियानोवर, जीन क्रुपा ड्रम्सवर. बाकी कुणी नाही. मोठ्या बँडच्या जमान्यात तिघंच. विल्सन काळा, उरलेले दोघे गोरे. असे तिघं एका स्टुडिओत बसून रेकॉर्ड करू शकतात, कारण रेकॉर्डवर कातडी दिसत नाही. प्रेक्षकांसमोर एकत्र बसायला त्यांना पुढच्या वर्षीचा वसंत उजाडेल, तोही शिकागोच्या एका हॉटेलात. स्टुडिओत ते निवडतात त्या गाण्यांत ‘बॉडी अँड सोल’ आहे. विल्सनचा डावा हात बघा: मधल्या भागात सा घसरतो तिथं तो मुद्दाम पावलं आणखी जवळ जवळ टाकतो. दुःख कमी, कलाकुसर जास्त. शब्द इथंच गळायला लागलेत, कुणाला त्यांची आठवण झाल्याचं दिसत नाही.

आता आपल्या माणसाच्या मागावर लागू. कोलमन हॉकिन्स, मिसुरीतल्या सेंट जोसेफचा. लहानपणी पियानो आणि चेलो शिकलेला. तो येईपर्यंत टेनर सॅक्सोफोन हे सर्कशीत आणि विनोदी नाट्यछटांत फूस-फूस करणारं वाद्य होतं; त्यानं त्याला भारदस्त, रुंद छातीचा आवाज दिला. फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये दहा-अकरा वर्षं काढून १९३४ मध्ये तो कंटाळला आणि त्यानं लंडनला एक तार ठोकली. कुणाला? जॅक हिल्टनला. चार वर्षांपूर्वी ज्या माणसाचा वाद्यवृंद नाचणाऱ्यांसाठी हे गाणं वाजवत होता तोच. हिल्टननं बोलावलं, हॉकिन्स आला. काही महिन्यांसाठी आलेला माणूस पाच वर्षं राहिला.

युरोपात त्याला मान मिळाला, उत्तम कपडे मिळाले, चांगली ब्रँडी मिळाली. १९३५ मध्ये हिल्टनचा बँड जर्मनीच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा हॉकिन्सला परवानगी नाकारली गेली, कारण त्याच्या कातडीचा रंग. तो हॉलंडमध्येच थांबला आणि तिथल्या रॅम्बलर्स बँडबरोबर वाजवत राहिला. १९३७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला जँगो राइनहार्टच्या गिटारशेजारी त्याचा टेनर ऐकाल तर अटलांटिकचं पाणी त्याला किती मानवलंय ते कळेल. पण १९३९ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या हॉटेलांच्या लॉबीत गाण्याऐवजी युद्धाच्या गोष्टी चालू झाल्या. जुलैअखेर तो न्यूयॉर्कला परतला.

परतला तर घर बदललेलं. पाच वर्षांत टेनर वाजवणारी नवी फळी उभी राहिली होती. लेस्टर यंग तर सगळ्या बाबतीत त्याच्या उलट: हलका आवाज, तिरका सॅक्सोफोन, कमीत कमी सूर. बेन वेबस्टर होता. चू बेरी होता. चू बेरीनं तर आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, ट्रम्पेटवाल्या रॉय एल्ड्रिजबरोबर हेच गाणं वाजवलं होतं, आणि मध्येच लय दुप्पट करून धमाल उडवली होती. म्हणजे रान तयार होतं आणि त्यात दुसरी पोरं शिकार करत होती. लोक कुजबुजत होते: हॉकचं काय उरलंय?

११ ऑक्टोबर १९३९. न्यूयॉर्क, आरसीए व्हिक्टरचा स्टुडिओ. आत या, पण पावलं न वाजवता. इथं आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जातो; कुणी खोकलं तर तबकडी वाया. कापणं, जोडणं, दुरुस्त करणं हा प्रकार अजून जन्मलेला नाही. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास मावतं, त्यापुढे जागा नाही. रेकॉर्ड निघणार ती ब्लूबर्डच्या नावानं, व्हिक्टरचा स्वस्तातला छाप, किंमत पस्तीस सेंट.

नऊ जणांचा ताफा आहे. दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, हॉकिन्स धरून तीन सॅक्सोफोन, पियानोवर जीन रॉजर्स, बास, ड्रम्स. थेल्मा कार्पेंटर ही सतरा वर्षांची गायिकाही आलीय. आज तिचं एक गाणं झालंय. म्हणजे गाणारा गळा इमारतीत हजर आहे. बाकीच्या चाली ठरल्याप्रमाणे झाल्या. आता कंपनीच्या लिओनार्ड जॉयचा आग्रह चाललाय की ‘बॉडी अँड सोल’ करू या. केलीज स्टेबल या क्लबात हॉकिन्स रात्री उशिरा, लोकांनी फारच धरलं तर, हे वाजवतो. रेकॉर्ड करावं असं त्याला वाटत नाही. त्यानं त्यासाठी काही लिहून आणलेलं नाही. पण बरं, वेळ उरलाय तर करू.

रॉजर्स चार बार वाजवतो. हॉकिन्स माउथपीस ओठांत धरतो.

पहिले काही बार तो चालीला धरून आहे, पण धरलंय म्हणजे नुसतं बोट लावून. दुसऱ्या तुकड्यात ते बोटही सुटतं. आता तो चालीवर वाजवत नाहीये, चालीच्या खालच्या मेळांवर वाजवतोय. लहानपणीचा पियानो इथं कामाला येतो. प्रत्येक मेळाचे स्वर तो वरून खाली, खालून वर उलगडतो, दोन मेळांच्या मध्ये आणखी एक चोरटा मेळ घालतो, आणि त्यातून पुन्हा एक रेषा काढतो जी ऐकायला बोलण्यासारखी वाटते. पाठीमागे फक्त पियानो, बास आणि ब्रशनं घासलेला ड्रम. मधला भाग येतो. काळी एक सोडून पांढरी दोन. ज्या जागी गाणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो तिथं हा मोकळा होतो, जणू या वीस सेकंदांसाठीच त्यानं हे गाणं पत्करलं.

बत्तीस बार संपले. गाणारी इथं थांबली असती. हॉकिन्स दुसरं आवर्तन सुरू करतो. ट्रम्पेट आणि बाकीचे सॅक्सोफोन आता मागून लांब, मंद सूर धरतात. आवाज भरत जातो. श्वास ऐका: कुठल्या वाक्याला किती हवा लागेल याचा हिशोब तो वाक्य सुरू करण्याआधी करतोय. सूर चढतात, धारदार होतात, आणि शेवटच्या आठ बारांत तो वरच्या टोकाला पोचतो, जिथं गाण्यातली बाई हात पसरून उभी असायची. मग साथ थांबते, तो एकटाच दोन-चार वळणं घेत खाली उतरतो. लाल दिवा विझतो. एकच टेक. दुसरा घ्यायची गरज कुणाला वाटत नाही. तीन मिनिटं, चौसष्ट बार.

तुमच्या कानाला एक गोष्ट खटकली असेल. ख्याल ऐकून तयार झालेला कान असेल तर नक्कीच. आपल्याकडे गवई कितीही लांब जाऊ दे, विस्तार करू दे, ताना घेऊ दे, शेवटी समेवर मुखडा येतो आणि श्रोत्यांची मान हलते. बंदिश हे घर आहे, तिथं परतायचंच. हॉकिन्स परतलाच नाही. त्यानं मुखडा एकदाच, तोही अर्धा, दाखवला आणि नंतर सगळा विस्तार. तरी मान हलते. कशावर हलते ते स्टुडिओबाहेर पडताना स्वतःला विचारून पाहा. माझं म्हणणं असं की ग्रीननं एका नटीसाठी जे बांधलं त्यातली चाल वरची होती, खरा ऐवज खाली होता, मेळांच्या त्या चोरवाटांमध्ये. आणि तो खालचा ऐवज ऐकू यायचा तर वरून आधी शब्द आणि मग चाल उचलावी लागणार होती.

गंमत म्हणजे खुद्द हॉकिन्सला या गवगव्याचं कोडंच पडलं. पुढे तो सांगायचा की ती रेकॉर्ड निघाल्यावर, काही वादकांसकट, लोक त्याला म्हणत की तू चुकीचे सूर वाजवतोयस. हार्लेममधल्या त्या शीळ घालणाऱ्याला ते सूर चुकीचे वाटले नाहीत. प्रत्येक क्लबात फर्माईश तीच, आणि फर्माईश करणाऱ्याला हवं असतं ते रेकॉर्डवरचं, तसंच्या तसं. उत्स्फूर्त वाजवून नाव झालेल्या माणसाला लोक तीच उत्स्फूर्तता रोज रात्री पुन्हा करून दाखव म्हणतात.

त्यावरचा त्याचा उतारा बघायला फेब्रुवारी १९४४ मध्ये या. भोवती विशी-पंचविशीची पोरं आहेत, डिझी गिलेस्पी, मॅक्स रोच, ऑस्कर पेटिफर्ड, पुढे ज्याला बीबॉप म्हणतील त्या बंडाचे म्होरके. हॉकिन्स त्यांच्यात वडीलधारा, पण त्यांना सामील. या सत्रातल्या एका तुकड्याचं नाव ‘रेनबो मिस्ट’. ऐका, पहिल्याच मेळाला ओळखाल. तेच घर, तीच खिडकी, मधल्या भागात तीच घसरण. शब्द आधीच गेले होते, मग चाल गेली, आता नावही गेलं. रचनाकार म्हणून तबकडीवर हॉकिन्सचं नाव आहे, आणि कायद्यानं त्यात गैर काही नाही: चालीवर मालकी सांगता येते, मेळांच्या ओळीवर नाही. तरुण पोरांनी हा धडा नीट गिरवला. जुन्या लोकप्रिय गाण्यांचे मेळ घ्यायचे, वर नवी चाल चढवायची, मालकी आपली. बीबॉपचा निम्मा संसार या काटकसरीवर उभा राहिला.

शब्द साफ मेले असं मात्र समजू नका. २९ फेब्रुवारी १९४० ला, म्हणजे हॉकिन्सची रेकॉर्ड सगळीकडे वाजत असतानाच, बिली हॉलिडेनं हे गाणं गायलं. तिच्या गळ्यातून आल्यावर ती ओढूनताणून आणलेली यमकंही खरी वाटतात; याचं श्रेय यमकांना देऊ नये. २४ ऑक्टोबर १९६० ला जॉन कोल्ट्रेननं टेनरवर घेतलं तेव्हा खाली एकच स्वर धरून ठेवला, त्यावर मेळ तरंगत ठेवले, आणि मधल्या भागात ग्रीनच्या चोरवाटांना स्वतःच्या आणखी दोन-चार फोडल्या. हॉकिन्स तेव्हा हयात होता, वाजवत होता. १९३०, १९३९, १९६०, तिन्ही वेळा ऑक्टोबर. ग्रीनचा जन्मही ऑक्टोबरातलाच. या महिन्याचं आणि गाण्याचं काय साटंलोटं आहे कोण जाणे.

मार्च २०११ मधला लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ हा सगळ्यांना माहीत असलेला थांबा, म्हणून धावती भेट. चौऱ्याऐंशी वर्षांचे टोनी बेनेट आणि सत्तावीस वर्षांची एमी वाइनहाउस समोरासमोर उभे आहेत. ती घाबरलीय, स्वतःवर वैतागतेय, पुन्हा घेऊ म्हणतेय. म्हातारा गवई तिला घाई करत नाही. तुझ्या गाण्यात डायना वॉशिंग्टन ऐकू येते असं काहीतरी बोलून तिला सावरतो, कारण तो तिची दैवतं ओळखणारा आहे. मग ते गातात, सगळे शब्द, १९३० चे. चार महिन्यांनी ती गेली. हे तिचं शेवटचं रेकॉर्डिंग ठरलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं.

पण शब्दांची जी करामत मला सगळ्यात आवडते ती वेगळीच आहे, आणि त्यासाठी पुन्हा मागे, १९५२ पर्यंत, यावं लागेल. एडी जेफरसन, पिट्सबर्गचा, मूळचा टॅप डान्सर. पायानं ताल वाजवणारा माणूस. वादकांची एकल वादनं त्याला तोंडपाठ असतात आणि त्याला एक वेड आहे: त्या वादनांच्या प्रत्येक सुराखाली एक एक अक्षर बसवायचं. गाण्याच्या चालीला शब्द सगळेच लावतात. हा सॅक्सोफोनच्या त्या चौसष्ट बारांना शब्द लावतो, हॉकिन्सनं ११ ऑक्टोबरला जे वाजवलं त्यालाच. जिथं हॉकिन्सनं श्वास घेतला तिथं वाक्य तुटतं. जिथं त्यानं मेळ उलगडत सूर फेकले तिथं जेफरसनची जीभ अक्षरं फेकत धावते. आणि शब्द आहेत कशाबद्दल? प्रेमभंग नाही, झोप उडालेली बाई नाही. गाणं हॉकिन्सबद्दल आहे: टेनर वाजवावा तर या माणसानं.

समोर बसून ऐका. हसू येईल, कारण सॅक्सोफोनला सोपं असलेलं काही गळ्याला जवळपास अशक्य आहे, आणि हा गडी तरीही एक अक्षर सोडत नाही. जेफरसन मे १९७९ मध्ये डेट्रॉइटला एका क्लबबाहेर गोळीला बळी पडला. त्याच वर्षी मॅनहॅटन ट्रान्सफर या चौघांच्या गटानं ते गाणं स्वतःच्या अल्बममध्ये घेतलं, हॉकिन्स आणि जेफरसन दोघांची आठवण म्हणून. चार गळे, एका माणसाचं वादन. केलीज स्टेबलमध्ये उशिरा रात्री, कुणी फारच धरलं तर वाजवायचं, असं ज्याचं हॉकिन्सच्या लेखी महत्त्व होतं, त्यातली एकही हरकत इकडची तिकडे न करता ते चौघे गातात. जॅझ शिकणारी पोरंही आज रेकॉर्ड लावून ते तुकड्या-तुकड्यानं उतरवून घेतात आणि बारा पट्ट्यांत घोटतात. त्यातल्या एखाद्याला ग्रीनची मूळ चाल म्हणून दाखव म्हणा. पहिले आठ बार बरोबर येतील, मग तो नकळत हॉकिन्सकडे वळेल.